गिअरबॉक्सच्या चौकोनी भोकाला कुठला पाना?

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची होंडा सिटी आहे, पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची. इंजिनचं ऑइल मी घरीच बदलतो. या वेळी गिअरबॉक्सचंही बदलावं म्हणून गाडीखाली शिरलो, तर खालच्या प्लगला पाना लावायला डोकंच नाही. मधोमध एक चौकोनी भोक आहे. ८ची अॅलन की आत जाते पण नुसती गरगर फिरते. १०ची जातच नाही. हार्डवेअरवाला म्हणाला, ‘हा पाना कंपनीतच मिळणार.’ ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ‘आणा गाडी, छिन्नीने फिरवून देतो.’ नेमकं कोणतं हत्यार लागतं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मेकॅनिकला चहा पाजा आणि छिन्नीसकट परत पाठवा. ती वेळ अजून आलेली नाही.

तुमच्या प्लगसाठी खास पाना शोधायचं कारणच नाही. गोटी पान्याच्या सेटमधला रॅचेट घ्या आणि त्यावरची गोटी काढून ठेवा. आता समोर जो चौकोनी खुंट दिसतो, ज्यावर एरवी गोटी बसते, तो खुंट सरळ प्लगच्या भोकात घालायचा. झाला पाना. अट एकच, सेट तीन सुती, म्हणजे ३/८ इंचाचा हवा. होंडाने आपल्या बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सला वर्षानुवर्षं हेच माप ठेवलं आहे.

मग हार्डवेअरवाल्याला हे का सुचलं नाही? आपल्याकडे घराघरांत आणि गॅरेजांत जो गोटी सेट असतो, तो बहुतेक वेळा अर्धा इंची, चार सुती असतो. त्याचा खुंट १२.७ मिलिमीटरचा, तो तुमच्या भोकाच्या तोंडाशीच अडतो. पाव इंची छोटा सेट असला तर त्याचा खुंट ६.३५चा, तो आत हलत राहतो. मधला तीन सुती, साडेनऊ मिलिमीटरचा, नेमका तोच घरात नसतो. शिवाय दुकानात जाऊन ‘चौकोनी भोकाचा पाना द्या’ म्हटलं की माणूस पाने असलेल्या कप्प्यात शोधतो. ‘तीन सुती रॅचेट द्या’ म्हणा, लगेच मिळेल.

अख्खा सेट घ्यायची गरज नाही. तुमच्याकडे चार सुती हँडल असेलच, तर एका बाजूला चार सुती खाच आणि दुसऱ्या बाजूला तीन सुती खुंट असा अडॅप्टर सुटा मिळतो. तो हँडलवर चढवला की काम भागतं. नाशिकच्या टपारियासारख्या ओळखीच्या नावाचा घ्या. बिननावाच्या स्वस्त अडॅप्टरचा खुंट पिळून तुटला, तर तुटका तुकडा प्लगमध्ये अडकून बसतो आणि मग काम दुप्पट होतं. प्लग पहिल्यांदा सैल करताना रॅचेटपेक्षा साधं, बिनदातऱ्याचं लांब हँडल बरं. रॅचेटच्या आतल्या छोट्या दात्यांवर एवढा झटका देणं मला आवडत नाही.

तुमच्या अॅलन कीचा खेळ मात्र मजेदार आहे. ८ची की म्हणजे तिच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ८ मिलिमीटर. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर मात्र सव्वानऊच्या जवळ जातं. भोक साडेनऊचं. कोपरे भिंतीला टेकतच नाहीत, म्हणून ती गरगर फिरली. १०च्या कीची तर सपाट बाजूच भोकापेक्षा मोठी. म्हणजे तुमच्याच दोन किल्ल्यांनी भोकाचं माप सांगून टाकलं होतं. व्हर्निअर असेल तर उत्तमच, पण नसेल तेव्हा काय जातं आणि काय जात नाही एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. ८ची की गोल फिरली हेही चांगलंच झालं. ती थोडी घट्ट बसली असती, तर तुम्ही जोर लावला असता आणि कोपरे घासून भोक गोल झालं असतं. अजिबात न बसणाऱ्या पान्याने कधी प्लग बिघडत नाही. जवळजवळ बसणाऱ्याने बिघडतो.

आता हत्यार हातात आलं असं समजू. तरी लगेच खालच्या प्लगला हात लावू नका. गिअरबॉक्सला दोन प्लग असतात. खालून ऑइल सोडायचा एक, आणि बाजूला थोडा वर, ऑइल भरायचा आणि पातळी बघायचा दुसरा. तुमच्या गाडीत वरच्याला साधं षटकोनी डोकं आहे, १७चा रिंग पाना लागतो. आधी हा वरचा सैल करायचा. तो सुटला तरच खालचा उघडायचा. कारण सरळ आहे. खालचा उघडून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा गंजून अडून बसला, तर नवीन ऑइल भरणार कुठून? गाडी कोरड्या गिअरबॉक्सने दारात उभी, आणि ती चालवत गॅरेजला नेताही येत नाही. टो करून नेतानासुद्धा पुढची चाकं जमिनीवर फिरली की आतली गिअरं ऑइलशिवाय फिरणार. वरचा सुटला नाही आणि खालचा अजून बंद आहे, तर काहीच बिघडलेलं नाही. जुन्या ऑइलवर गाडी आरामात गॅरेजपर्यंत जाते.

दुसरं, भोक साफ करा. ते जमिनीकडे तोंड करून असतं. पावसाळ्यातला चिखल, डांबराचे कण, ऑइल असं सगळं त्यात साचून वाळून बसतं. वरवर पाहिलं तर भोक उथळ वाटतं. जाड सुईने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने ते तळापर्यंत खरवडा, जुन्या टूथब्रशने आणि थोड्या डिझेलने धुवा, मग खुंट पूर्ण आत जातो. अर्ध्यावर बसलेल्या खुंटाने जोर लावला तर भोकाचे कडेचे कोपरेच चिरडतात. चौकोनी भोकाचे प्लग खराब होतात ते बहुतेक वेळा याच आळसापायी. खुंटावरची छोटी स्प्रिंगची गोळी आत जाताना थोडी अडते. हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून बसवा.

सोडवायची दिशा घड्याळाच्या उलटी, पण प्लगकडे तोंड करून पाहिलं तर. वरून, बॉनेटमधून हात घालून पाना फिरवणाऱ्याला तीच दिशा सुलटी दिसते आणि तो प्लग सोडवण्याऐवजी आवळत राहतो. गिअरबॉक्सचं घर अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. आवळून आवळून आटे गेले की दोष आपण पान्याला देतो.

गाडी आधी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, कोमट ऑइल पटकन आणि पुरतं निघतं. सायलेन्सरच्या नळीला हात लागणार नाही हे बघा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना विटा लावा. पातळी बघताना गाडी चारही चाकांवर सपाट हवी, नाहीतर पुढून उचललेल्या गाडीत ऑइल मागे सरकतं आणि बाहेर ओघळलं म्हणून भरलं असं वाटतं.

खालचा प्लग निघाल्यावर त्याच्या टोकाकडे नीट पाहा. तिथे लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, मलमासारखा मऊ थर दिसला तर घाबरू नका. गिअर एकमेकांवर घासून इतपत झिजतातच. बोटाला टोचणारे कण, चिपा किंवा दाताचा तुकडा मिळाला तर ऑइल बदलून भागणार नाही, गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडे जा.

प्लग परत लावताना वॉशर नवा घाला. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत खालच्याला १४ मिलिमीटरचा आणि वरच्याला २० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा वॉशर लागतो. तो एकदाच दाबला जाण्यासाठी बनवलेला असतो, जुना पुन्हा वापरला की थेंब गळत राहतात, आणि मग गळती थांबवायला माणूस आणखी आवळतो. होंडाच्या सेवापुस्तिकांत खालच्या प्लगला ३९ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ ४ किलोग्रॅम-मीटर, इतकी आवळ सांगितलेली असते. तुमच्या हँडलची लांबी २५ सेंटिमीटर असेल तर टोकाला साधारण १६ किलोचा दाब. लांब पाइप घालून लोंबकळायची गरज त्यात कुठेच नाही. टॉर्क पाना असेल तर तो वापरा. नसेल तर हँडल आखूड घ्या, म्हणजे हातच मर्यादेत राहतो.

राहिलं भरणं. बाजूच्या भोकात बाटली तिरकी करून ओतता येत नाही. गॅरेजमध्ये पिचकारी असते. घरी नरसाळ्याला हाताएवढी लांब, पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडा आणि बॉनेटमधून ती खाली भोकापर्यंत सोडा. गवंड्याकडे पातळी बघायची जी नळी असते, तीच चालते. सावकाश ओता. ऑइल भोकाच्या खालच्या कडेशी येऊन ओघळू लागलं की थांबा. दोन लिटरच्या आतच काम होतं.

आणि ऑइल होंडाचं एमटीएफच, म्हणजे हाताने टाकायच्या गिअरबॉक्सचं त्यांचं खास ऑइलच घ्या. दुकानदार सवयीने ‘गिअर ऑइल ना? हे घ्या’ म्हणून ८०डब्ल्यू-९० पुढे करेल. ते जाड ऑइल तुमच्या गिअरबॉक्ससाठी नाही. होंडाच्या त्या काळातल्या मालकपुस्तिका तर एमटीएफ मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३०चं इंजिन ऑइलही चालेल म्हणतात, यावरून त्याच्या पातळपणाची कल्पना येईल.

प्रश्न : माझी गाडी जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया डिझेल. हिच्या गिअरबॉक्सच्या प्लगला भलं मोठं षटकोनी भोक आहे. माझ्या अॅलन कीच्या संचातली सर्वांत मोठी १०ची आहे, ती आत घातली तर दोन्ही बाजूंनी फट राहते. एवढी मोठी अॅलन की असते तरी का? असल्यास एका कामासाठी ती विकत घ्यावी का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असते. तुमच्याच गावाजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेल्या या ऑक्टेव्हियाच्या गिअरबॉक्सला बहुधा १७ची अॅलन की लागते. फोक्सवॅगनच्या घराण्यात हे माप फार जुनं आहे, बीटलच्या गिअरबॉक्सलाही १७च. मात्र एकदा टॉर्च मारून भोकात किती कोपरे आहेत ते मोजा. सहा असतील तर १७चं षटकोन. बारा टोकं दिसली तर ते एम-१६ नावाचं बारा दात्यांचं भोक. याच घराण्यातल्या नंतरच्या काही गिअरबॉक्सना ते आहे, आणि त्याला त्याचाच बिट लागतो. बारा टोकांच्या भोकात अॅलन की कोंबणारे लोक मी पाहिले आहेत, नंतर ते प्लग गॅस कटरकडे गेलेलेही.

सहा कोपरे असतील तर विकत घेण्याआधी घरातल्या नटबोल्टच्या डब्यात हात घाला. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जुन्या मापात १७ मिलिमीटरचं असतं. बोल्ट उलटा करून डोकं प्लगच्या भोकात बसवायचं, आट्यांवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि त्यातल्या डोक्याजवळच्या नटाला पाना लावून फिरवायचं. दोन नट एकमेकांना अडवतात, म्हणून बोल्ट आणि डोकं एकत्र फिरतात. दोन तपशील मात्र विसरू नका. नव्या मापाच्या बोल्टचं डोकं १६चं असतं, तो भोकात खुळखुळतो. म्हणून आधी मोजा. आणि १० मिलिमीटरचा साधा बोल्ट स्वतःच ४०-५० न्यूटन-मीटरच्या पुढे पिळायला लागतो. वीस वर्षं न हललेला प्लग त्याहून घट्ट असू शकतो. मग नट डोक्याला वेल्डिंग करून घ्यावा लागतो.

त्यापेक्षा मला एक सोपा मार्ग जास्त पटतो. फॉल्स सीलिंगचे आणि डक्टचे गज जोडायला लांब नट वापरतात. १० मिलिमीटर गजाच्या लांब नटाची बाहेरची बाजू चांगल्या प्रतीत १७ मिलिमीटरची असते. हा नट अर्धा भोकात, अर्धा बाहेर ठेवायचा आणि बाहेरच्या भागाला १७चा पाना लावायचा. इथे पिळला जाणारा बारीक आटा नाहीच, सगळा जोर नटाच्या जाड अंगावर येतो. स्वस्त लांब नट मापाने बारीकही निघतात, म्हणून दुकानात व्हर्निअर घेऊनच जा.

याहूनही पक्कं हवं असेल तर १७ मिलिमीटरचा षटकोनी ब्राइट बार. हा लेथवाल्यांचा रोजचा माल. चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चार सेंटिमीटरचा तुकडा कापून, दोन्ही टोकांच्या कडा किंचित मारून मागा. बहुतेक ठिकाणी तो भंगारातलाच तुकडा असतो आणि माणूस पैसे घ्यायला तयार होत नाही. एक टोक प्लगमध्ये, दुसऱ्यावर १७ची गोटी. दुकानातली १७ची अॅलन गोटी म्हणजे तरी दुसरं काय असतं?

विकत घ्यावी की नाही याचं माझं उत्तर : गाडी ठेवणार असाल तर घ्या, तीन-चार वर्षांनी पुन्हा लागेल. विकायला काढली असेल तर लांब नट पुरेसा.

प्रश्न : एकाच कामाला होंडात चौकोन, स्कोडात षटकोन, रेनोत आणखी वेगळं. हे कंपन्या ग्राहकाला सर्व्हिस सेंटरलाच यावं लागावं म्हणून मुद्दाम करतात ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्याहून आलेल्या पत्रात संशय आधी आणि प्रश्न नंतर असतो, पण या वेळी संशय अर्धाच खरा वाटतो.

आधी भोक का, डोकं का नाही, ते पाहू. गिअरबॉक्सचा तळ हा गाडीचा जवळजवळ सर्वांत खालचा भाग. बाहेर आलेलं डोकं गतिरोधकाला, दगडाला घासणार. भोकाचा प्लग सपाट राहतो. आत खाच असलेल्या बोल्टची कल्पना कारखान्यांतून आली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यंत्रांच्या फिरत्या दांड्यांवर पुल्या पक्क्या करायला चौकोनी डोक्याचे स्क्रू असत. ती बाहेर आलेली डोकी कामगारांच्या बाह्यांना धरून त्यांना यंत्रात ओढत. डोकंच आत घेतलं तर धोका टळतो, म्हणून षटकोनी खाचेचे स्क्रू आले. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम अॅलन यांनी १९१०मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि आपण आजही त्यांचंच नाव घेऊन की मागतो. त्याआधी दोन वर्षं, १९०८मध्ये, कॅनडाच्या पीटर रॉबर्टसन यांनी स्क्रूला चौकोनी खाच दिली होती, आणि कॅनडात बनणाऱ्या फोर्ड गाड्यांत तो स्क्रू भरपूर वापरला गेला. सहा पाकळ्यांचं टॉर्क्स १९६७चं. प्रत्येक आकाराचा आपला हिशोब आहे. चौकोनात कोपरे चारच, म्हणून एकेका कोपऱ्यावर भार जास्त, पण खाच करायला सोपी. षटकोनाला थोड्याशा वळणावर पुन्हा पकड मिळते, अडचणीच्या जागी हे फार उपयोगी. बारा दात्यांत भार आणखी वाटला जातो. पण चिखल भरला की साफ करायला तितकंच कटकटीचं.

मग एक कंपनी एकदा एक आकार निवडते आणि त्याच घराण्याच्या पन्नास गिअरबॉक्सना तोच चालवते. तिच्या जुळणीच्या रांगेवरची हत्यारं त्या मापाची, पुरवठादाराचे साचे त्या मापाचे. बदलायचं कुणी? तुम्ही होंडा घेतली तर तीन सुती रॅचेट पुरतो, म्हणजे होंडाने उलट तुमचं कामच सोपं केलं आहे. रेनोचं मात्र मला समर्थन करता येत नाही. लोगन, म्हणजे नंतरची महिंद्रा व्हेरिटो, आणि डस्टर या गाड्यांच्या प्लगला ८ मिलिमीटरचं चौकोनी भोक असतं. ते अडीच सुतीच्या जवळ जातं. पाव इंची खुंट त्यात सैल, तीन सुती खुंट शिरत नाही. म्हणजे दोन प्रचलित रॅचेटच्या मधोमध पडणारं माप. त्याला ८ मिलिमीटरचा चौकोनी ड्रेन प्लग पाना वेगळा घ्यावाच लागतो, किंवा तीन सुती खुंटाचं एखादं जुनं एक्स्टेन्शन ग्राइंडरवर चारही बाजूंनी सारखं घासून ८वर आणायचं. घासताना ते पाण्यात बुडवत राहा. निळं पडेपर्यंत तापवलं की पोलादाची ताकद जाते आणि ते चॉकलेटच्या कांडीसारखं पिळतं.

असा पाना नाना पेठेत ऑनलाइनपेक्षा स्वस्त मिळेल का, हेही तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत विचारलं आहे. विचारून बघा. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधी कधी युरोपियन गाड्यांच्या हत्यारांचे सुटे नग निघतात. फक्त खुंटाचे कोपरे झिजलेले नाहीत ना, हे बोट फिरवून बघा.

प्रश्न : प्लग अडला आहे. खुंट बरोबर बसतो, भोक साफ आहे, तरी हलत नाही. पाइप लावून जोर देऊ का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाइप नंतर, हातोडी आधी. प्लगच्या मधोमध जाड सपाट पंच ठेवून चार-सहा कडक ठोके द्या. अॅल्युमिनियमच्या घरावर नाही, फक्त लोखंडी प्लगवर. आट्यांमध्ये धरलेला गंज आणि जुन्या वॉशरची चिकट पकड या धक्क्यांनी सुटते. तुमच्याकडे तर हवाच खारी आणि ओली. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून असले की तिथे गंज लवकर धरतो. गंज सोडवणारा स्प्रे आट्यांच्या कडेला मारून रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडवायचा. एका दिशेला हलला की दुसऱ्या दिशेलाही हलतो.

गाडी गरम असताना प्रयत्न केला तर आणखी बरं. त्याच उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून घर प्लगभोवती थोडं सैल होतं.

त्यानंतरही हलला नाही, किंवा भोक आधीच गोल झालं असेल, तर प्लगवर जाड नट ठेवून वेल्डिंग करायचं. वेल्डिंगची उष्णता आणि नवं डोकं, दोन्ही एकदम मिळतात. पण हे काम सरावलेल्या हाताचं आहे. बॅटरीच्या तारा आधी काढायच्या, आजूबाजूचं सांडलेलं ऑइल पुसून काढायचं. नवा प्लग आणून ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका. छिन्नीने कडेला मारून फिरवणं मी शेवटचाही उपाय मानत नाही. छिन्नी घसरली तर ती अॅल्युमिनियमवर बसते, आणि तिथे पडलेली चीर भरून काढायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

प्रश्न : गाडीखाली दोन वेगवेगळे प्लग दिसतात. त्यातला इंजिनचा कुठला आणि गिअरबॉक्सचा कुठला, हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण तो न विचारता पाना लावणारे पुष्कळ असतात. पुढच्या चाकांना फिरवणारे दोन दांडे जिथे आत शिरतात, तो ओतीव, ओबडधोबड फासळ्यांचा अॅल्युमिनियमचा डबा म्हणजे गिअरबॉक्स. त्याच्या शेजारी परातीसारखा तळ असलेलं, आसपास ऑइल फिल्टर दिसणारं, ते इंजिन. आकाराने प्लग ओळखायचा प्रयत्न करू नका. होंडाच्या स्वयंचलित गिअरबॉक्सलाही खाली तेच तीन सुती भोक असतं, पण आत ऑइल पूर्ण वेगळं. सिटीची सीव्हीटी, म्हणजे वेगळ्या जातीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची, आवृत्तीही भारतात विकली गेली आहे, तिचं तर त्याहून वेगळं. गाडीत क्लचचं पेडल आहे की नाही, हे बघून मगच बाटली उघडा.

प्लग काढल्यावर बाहेर काय येतं ते पहिल्या धारेतच कळतं. इंजिनचं वापरलेलं ऑइल काळं असतं. गिअरबॉक्सचं मधासारखं किंवा तपकिरी. इंजिनचं ऑइल बदलायला बसलात आणि मधाच्या रंगाची धार आली, तर तिथेच प्लग परत लावा.

आणि धार संपल्यावर लक्षात आलं असेल, वरून इंजिनमध्ये नवीन ऑइलही ओतून झालं असेल, तर किल्लीला हात लावू नका. इंजिनमध्ये आता जुनं आणि नवं मिळून जवळजवळ दुप्पट ऑइल आहे आणि गिअरबॉक्स रिकामा आहे. डिपस्टिक बाहेर काढून बघा, इंजिनच्या प्लगमधून सगळं ऑइल सोडा, नवीन भरा, मग गिअरबॉक्सच्या वरच्या प्लगमधून त्याचं ऑइल भरा. सोडलेलं ऑइल गटारात नाही, झाकणाच्या डब्यात. जुनं ऑइल गोळा करणारे बहुतेक गॅरेजांत येतात, त्यांना द्या.